सेकंडहँड ट्यूब ॲम्प: डीएसएल४०सी की हॉट रॉड डिलक्स? ओव्हरड्राइव्ह चॅनेल पारखायचा कसा?

तारसप्तक

नमस्कार मंडळी,

पन्नास हजारांच्या आत एक सेकंडहँड ट्यूब कॉम्बो (काचेच्या ट्यूबवर चालणारा, स्पीकर आतच असलेला गिटारचा ॲम्प) घ्यायचा आहे. शोधता शोधता दोनच उरलेत.

मार्शल डीएसएल४०सी: पुण्यातच आहे. ट्यूब कंपनीच्याच, अजून बदललेल्या नाहीत असं विकणारा सांगतो. फूटस्विच सोबत मिळेल.

फेंडर हॉट रॉड डिलक्स, तिसरी आवृत्ती: ठाण्यात आहे. विकणाऱ्यांनी अमेरिकेतून परत येताना सामानाबरोबर आणलेला. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं आहे. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर सोबत देणार आहेत.

वाजवणं ब्लूज-रॉक आणि थोडं हार्ड रॉक. एक हंबकरवाली (दुहेरी कॉइलच्या, जोरकस पिकअपची) गिटार, एक स्ट्रॅट. बँडबरोबर जॅमरूममध्ये, बाकी वेळ फ्लॅटमध्ये. पेडल दोनच, ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्हचं) आणि लूपर (वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारं). मुख्य डिस्टॉर्शन ॲम्पचंच हवंय, म्हणून सगळा निर्णय ओव्हरड्राइव्ह चॅनेलवर, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या चॅनेलवर, अडलाय.

प्रश्न असे: दोन शहरांत, दोन वेगळ्या खोल्यांत ऐकून तुलना करायची कशी? नॉब कुठे ठेवायचे, सगळे मधोमध? आणि चॅनेलचा स्वभावच तसा आहे की आत काही बिघडलंय, हे अर्ध्या तासात कसं ओळखायचं?

---

मिड्स_वाढवा

सगळ्यात आधी आवाजाची पातळी. दोन ॲम्पपैकी जो जरा मोठा वाजतो तोच कानाला भरदार आणि चांगला वाटतो; एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. फोनवर आवाज मोजायचं कुठलंही साधं ॲप घ्या, फोन स्पीकरच्या समोर एक मीटरवर आणि कोनच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवा, आणि तोच स्ट्रमिंगचा तुकडा वाजवून दोन्हीकडे आकडा सारखा आणा. ॲपचा आकडा खरा असायची गरज नाही, दोन्ही वेळा फोन तोच आणि अंतर तेच असलं की झालं. मात्र फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐकून ठरवू नका. फोन रेकॉर्डिंग करताना आवाज आपोआप वरखाली करतो, त्यामुळे पिकचा जोर आणि डायनॅमिक्स तिथेच सपाट होतात, आणि ओव्हरड्राइव्हमध्ये ऐकायचं असतं ते नेमकं तेच.

तुमच्याकडे लूपर आहे ही फार कामाची गोष्ट आहे. घरी गिटार थेट लूपरमध्ये लावून, मध्ये एकही पेडल न ठेवता, एक तुकडा भरून ठेवा. त्यात या क्रमाने: खुले ई, ए, डी, जी कॉर्ड, पॉवर कॉर्ड, जाड ई तारेवर पाम म्यूट (तळहाताने तार हलकी दाबून), एक डबलस्टॉप बेंड (दोन तारा एकत्र), आणि शेवटी बारीक ई तारेच्या बाराव्या फ्रेटवर एक सूर, पूर्ण विरेपर्यंत सोडलेला. दोन्ही ठिकाणी हाच लूप लावा. हात तोच, जोर तोच, गिटार तीच, म्हणजे कानावर पडणारा फरक ॲम्पचा आणि खोलीचा. लूपरचा आउटपुट नॉब दोन्ही वेळा एकाच खुणेवर हवा.

एक गोष्ट लूपरवर कळत नाही: गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर चॅनेल साफ होतो का. लूपर मध्ये असला की पिकअप आणि ॲम्पच्या इनपुटचं थेट नातं तुटतं. त्यासाठी गिटार केबलने सरळ ॲम्पला लावा. चॅनेलवर गेन (सिग्नल किती चढवून फाडायचा ते) इतकाच ठेवा की गिटार १० वर असताना जोरात मारलेला कॉर्ड नीट फाटतो. मग गिटारचा व्हॉल्यूम ७ वर, मग ४ वर आणा. चांगल्या क्रंचमध्ये (मध्यम फाटलेल्या आवाजात) ७ वर कॉर्डमधले सूर सुटे ऐकू यायला लागतात आणि ४ वर जवळपास क्लीन, म्हणजे न फाटलेला आवाज मिळतो. ट्रेबल जरा कमी होईल, तो गिटारच्या पॉटचा आणि केबलचा परिणाम, ॲम्पला दोष देऊ नका.

खोलीचा फरक घालवायचा तर दोघांना एकाच जॅमरूममध्ये ॲम्प आणायला राजी करा. कठीण आहे, पण बयाणा देण्याची तयारी दाखवली तर बरेच जण येतात. तिथे ८ ओहमचं कॅबिनेट (वेगळा स्पीकरचा डबा) असेल तर दोन्ही ॲम्प त्याच कॅबिनेटवर ऐका. डीएसएलला ८ ओहमचा आउटपुट आहे, हॉट रॉडचा मुख्य स्पीकर जॅकही ८ ओहमचा. जोडताना स्पीकरची केबल वापरा, गिटारची शील्डेड केबल नाही. जोडणी बदलायच्या आधी ॲम्प बंद करा, कारण स्पीकर न लावता ट्यूब ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

हे सगळं का? कारण डीएसएल४०सीमध्ये सेलेशन सेव्हंटी ८० आहे आणि तिसऱ्या हॉट रॉडमध्ये सेलेशन जी१२पी-८०. दोन ॲम्प आपापल्या स्पीकरवर ऐकलेत की निम्मी तुलना स्पीकरचीच होते, आणि स्पीकर पुढे कधीही बदलता येतो. चॅनेलचं सर्किट बदलता येत नाही.

---

कॅथोड_फॉलोअर

नॉबच्या प्रश्नाचं उत्तर सर्किटमध्ये आहे, म्हणून जरा खोलात जातो.

"सगळे नॉब मधोमध" म्हणजे सपाट टोन नव्हे. दोन्ही ॲम्पमध्ये ट्रेबल-बास-मिडलचं जे पॅसिव्ह टोन सर्किट आहे त्यात मधोमध ठेवलं की मिड्सना चांगलाच खड्डा पडतो. फेंडर पद्धतीत तो चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास, मार्शल पद्धतीत त्याहून थोडा वर आणि कमी खोल. सपाटाच्या जवळ जायचं तर मिडल पूर्ण, ट्रेबल आणि बास दोन-तीनवर. तिथून सुरुवात करा आणि कान सांगेल तसं बदला. शिवाय नॉबवरचे आकडे एकमेकांशी ताडू नका. डीएसएलवरचा गेन ५ आणि हॉट रॉडवरचा ड्राइव्ह ५ यांचा काही संबंध नाही, हॉट रॉडचे नॉब तर १२ पर्यंत जातात. जुळवायचं ते फाटण्याचं प्रमाण: त्याच लूपवर पाम म्यूट कितपत भरतो आणि सूर किती वेळ टिकतो, ते सारखं करा.

आता मोठा फरक. हॉट रॉडमध्ये टोन सर्किट पहिल्या ट्यूब स्टेजनंतर लगेच आहे, आणि ड्राइव्हचे स्टेज त्याच्या पुढे. म्हणजे तुम्ही वाढवलेला बास आधी वाढतो आणि मग फाटतो. हंबकरवर बास ६ च्या वर नेलात की जाड तारांचा लगदा होतो, आणि त्यानंतर ट्रेबल वाढवून तो निस्तरत नाही, वर किरकिर तेवढी चढते. या ॲम्पचा ड्राइव्ह चॅनेल ऐकताना बास २ ते ३, मिडल ८ च्या पुढे, ट्रेबल ५ च्या आत ठेवा. पुष्कळ लोक क्लीनला छान वाटलेल्या सेटिंगवरच ड्राइव्हचं बटण दाबतात आणि चॅनेल वाईट म्हणून मोकळे होतात.

डीएसएलमध्ये उलट आहे. गेनचे सगळे स्टेज आधी, मग कॅथोड फॉलोअर (टोन सर्किटला चालवणारा ट्यूब स्टेज), मग टोन सर्किट. फाटून झालेल्या आवाजावर तुम्ही बास-ट्रेबल चढवता. त्यामुळे बास वाढवला तरी पाम म्यूट बऱ्यापैकी घट्ट राहतो, नॉब फिरवल्याचा परिणाम सरळ कळतो आणि डिस्टॉर्शनचा पोत फारसा बदलत नाही. हार्ड रॉकसाठी हीच मांडणी सोयीची. टोन शिफ्टचं बटण मिड्स खाली ओढतं. एकट्याने खोलीत वाजवताना ते झकास वाटतं, ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार गायब होते. तुलना करताना ते बंद ठेवा.

डीएसएलच्या अल्ट्रा गेन चॅनेलने मात्र भुलून जाऊ नका. तुमच्या कामाचा आवाज क्लासिक गेन चॅनेलच्या क्रंच मोडमध्ये आहे: गेन ५ ते ७, हंबकर, गिटारचा व्हॉल्यूम हाताखाली. हा मोड गिटारच्या व्हॉल्यूमला उत्तम दाद देतो. अल्ट्रा गेनमध्ये गेन इतका आहे की ४ च्या पुढे फरक पडतो तो मुख्यतः हिस्सचा आणि शिट्टीचा. अडचण एवढीच की क्लीन आणि क्रंच ही अदलाबदल पुढच्या पट्टीवरच्या बटणाने होते, पायाने चॅनेल बदलतो आणि रिव्हर्ब चालू-बंद होतो. दोन्ही चॅनेलला टोनचे नॉब एकच, त्यामुळे क्रंचला लावलेला ट्रेबल अल्ट्रा गेनला कर्कश होऊ शकतो. एका चॅनेलवर सेटिंग पक्की करून, नॉबला हात न लावता दुसरा चॅनेल ऐका. स्टेजवर तसंच वाजवायचंय.

हॉट रॉडवरही टोनचे नॉब सामाईक आहेत, आणि मास्टर फक्त ड्राइव्ह चॅनेलवर चालतो. क्लीनला एकटा व्हॉल्यूम. क्लीन आणि ड्राइव्हची पातळी जुळवताना आधी क्लीन ठरवा, मग मास्टरने ड्राइव्ह त्याच्या जवळ आणा.

माझं मत विचाराल तर: ॲम्पचंच डिस्टॉर्शन हवं असेल तर डीएसएल. हॉट रॉड मोठ्या, स्वच्छ क्लीनसाठी आणि पेडल वाजवण्यासाठी घेतात. त्याचा ड्राइव्ह कमी गेनवर ब्लूजला चालतो, मोअर ड्राइव्ह (त्याच चॅनेलचा जास्त गेनवाला मोड) हंबकरवर पटकन दाट आणि ठोकळेबाज होतो.

---

मिड्स_वाढवा

शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. मोअर ड्राइव्हचा लगदा होतो तो तुम्हीच म्हणालात त्या बासमुळे. समोर ट्यूब स्क्रीमर ठेवा, ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल तीन चतुर्थांश. त्या पेडलचा क्लिपिंग स्टेज साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं उचलत नाही, त्यामुळे जाड तारा आधीच आवरल्या जातात आणि मोअर ड्राइव्ह मोकळा होतो. प्रश्नकर्त्यांकडे पेडल आहे, तेव्हा दोन्ही ॲम्प पेडलसह आणि पेडलशिवाय असे ऐकावेत.

आणखी एक सोपा उपाय: हॉट रॉडच्या प्रीॲम्पमधली (पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागातली) पहिली किंवा दुसरी १२एएक्स७ ट्यूब काढून तिथे कमी गेनची ५७५१ लावायची. ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० वरून ७० वर येतो. पहिल्या जागी लावली तर क्लीनचा व्हॉल्यूम २ वर एकदम उसळतो तो जरा सावरतो. दुसऱ्या जागी लावली तर क्लीन तसाच राहतो आणि ड्राइव्ह सौम्य होतो. ट्यूब उपसून लावायची, सोल्डरिंग नाही.

---

कॅथोड_फॉलोअर

पेडलने बास आवरतो, मान्य. पण मग प्रश्नकर्ते पेडलचं डिस्टॉर्शन विकत घेताहेत, ॲम्पचं नाही, आणि त्यांनी तर उलट मागितलंय. ५७५१ ची सूचना मात्र चांगली आहे.

---

सोल्डरचा_धूर

वरची चर्चा चांगल्या स्थितीतल्या ॲम्पची आहे. सेकंडहँड ॲम्पमध्ये आधी बघायचं ते हे की ऐकू येतंय तो चॅनेल आहे की बिघाड.

विकणाऱ्याला सांगून ठेवा की ॲम्प आधीपासून चालू ठेवू नका. थंड ॲम्प तुमच्यासमोर सुरू झाला पाहिजे, आणि किमान वीस मिनिटं चालला पाहिजे. तडे गेलेले सोल्डर जॉइंट आणि गळके कॅपॅसिटर गरम झाल्यावरच बोलायला लागतात. चालू झाल्यावर मागून पॉवर ट्यूब बघा. आतला फिलामेंट नारिंगी दिसणं बरोबर, काचेच्या कडेला निळसर झाक दिसणंही बरोबर. आतला राखाडी धातूचा पत्रा लालसर होऊ लागला तर लगेच बंद करा. बायस (पॉवर ट्यूबमधून निवांत असताना किती करंट वाहावा त्याची सेटिंग) बिघडलाय किंवा ट्यूब गेलीय, आणि तसंच वाजवत राहिलात तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाईल.

आता ओव्हरड्राइव्हमध्ये लपणारे दोष.

बारीक ई तारेवर बारावा फ्रेट, गेन चढवून, सूर लांबवा. खाली एखादा बेसूर दुसरा सूर रेंगाळतोय का? असेल तर फिल्टर कॅपॅसिटर थकलेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतरची (एसीचं डीसी झाल्यावर उरलेली) लहर १०० ची. ती सिग्नलमध्ये मिसळली की ६५९ हर्ट्झच्या सुराबरोबर ५५९ आणि ७५९ असे दोन भुताटकीचे सूर निघतात. खालचा सी-शार्पच्या जवळ पडतो, म्हणून कानाला लगेच टोचतो. कधीकधी स्पीकरचा कोनही असाच रडतो. दुसऱ्या कॅबिनेटवर गेला तर कोन, नाही गेला तर कॅपॅसिटर. लूपमधला शेवटचा सूर यासाठीच उपयोगी.

सूर विरताना शेवटी खरखरीत, तुटक होतो, आणि क्लीन चॅनेलही कमी आवाजात जरा घाणेरडा वाटतो: बायस फार थंड असण्याची शक्यता. याला लोक चॅनेलचा फिज (बारीक किरकिर) समजतात. बायस नीट केला की जातो.

गेन पूर्ण, गिटार काढून, मास्टर थोडा वर. एकसारखा हिस्स येणारच. मधूनमधून चटचट, फुटाणे फुटल्यासारखा आवाज येत असेल तर प्रीॲम्पची ट्यूब किंवा एखादा प्लेट रेझिस्टर. लाकडी पेन्सिलने प्रत्येक प्रीॲम्प ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. पहिल्या ट्यूबवर स्पीकरमधून थोडा टकटक आवाज येणं चालतं; घंटेसारखा घुमला किंवा शिट्टी लागली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे. पॉवर ट्यूब आणि त्यांच्या पायांच्या आसपास बोट नेऊ नका. चेसिस तर अजिबात उघडू नका, आत चारशे व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये उरतात.

नॉब फिरवताना खरखर येते? धूळ असेल तर दहा-बारा वेळा पूर्ण फिरवल्यावर कमी होते. अजिबात कमी होत नसेल तर कपलिंग कॅपॅसिटर डीसी पुढे सोडतोय का, हे नंतर तपासावं लागेल. स्प्रे मारून ते जात नाही.

ड्राइव्ह चॅनेल मध्येच दबतो, अशक्त होतो, अचानक परत येतो: इफेक्ट्स लूपच्या (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मध्ये पेडल लावायच्या जागेच्या) सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावून बघा. हॉट रॉडवर त्यांची नावं प्रीॲम्प आउट आणि पॉवर ॲम्प इन. केबल लावल्यावर आवाज भरला तर रिटर्न जॅकच्या आतली पत्ती गंजलीय. मुंबई-ठाणे-कोकणातल्या पावसाळी हवेत हे इतकं सर्रास होतं की ही केबल खिशात घेऊनच जा. खर्च नगण्य, पण भाव उतरवायला कारण चांगलं.

स्पीकर: आठ ओहमचा असेल तर मल्टिमीटरवर ६ ते ७ दिसतात, सोळाचा असेल तर ११ ते १३. कोनवर दोन्ही बाजूंना बोटं सारखी टेकवून हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल वाकडी. तो दोष गेन चॅनेलवर "थोडा फझ आहे" असाच ऐकू येतो.

हॉट रॉडसाठी खास: आत आर७८ आणि आर७९ हे ४७० ओहम, ५ वॉटचे दोन सिमेंट रेझिस्टर आहेत. रिले आणि ऑपॲम्पला लागणारा कमी व्होल्टचा पुरवठा त्यांच्यातून येतो. ते सतत तापतात, बोर्ड करपतो, सोल्डर फुटतं. मग चॅनेल बदलत नाही, नाहीतर रिव्हर्ब जातो. म्हणून वीस मिनिटांनंतर फूटस्विचने क्लीन, ड्राइव्ह, मोअर ड्राइव्ह असं पंधरा-वीस वेळा बदलून बघा, आणि रिव्हर्ब प्रत्येक वेळी येतोय ना ते ऐका.

डीएसएलसाठी: जाहिरातीत नुसतं "डीएसएल" लिहिलं असेल तर नक्की कुठला ते विचारा. १९९७ मध्ये आलेली जेसीएम२००० डीएसएल ही वेगळी मालिका. त्यातल्या काही बोर्डांवर गरम झाल्यावर वीज बोर्डातूनच झिरपते आणि बायस हळूहळू सरकतो. तुमचा ४०सी हा त्यानंतरच्या मालिकेतला, २०१२ चा, त्यामुळे ती भीती त्याला लावू नका. "मूळ ट्यूब" हा मात्र गुण नाही. रोज वाजलेल्या ईएल३४ पॉवर ट्यूब इतक्या वर्षांत थकल्या असणारच. जुळलेली जोडी आणि बायसचं काम यांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

---

तारसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. लूप आजच भरतो.

तीन उपप्रश्न. १२० व्होल्टच्या हॉट रॉडबद्दल कुणीच काही बोललं नाही, तो मुद्दा सोडून देण्यासारखा आहे का? फ्लॅटमध्ये रात्री वाजवताना कुठला चॅनेल जास्त टिकतो? आणि एक जेसीएम९००, मॉडेल ४१००, हेडही स्वस्तात मिळतंय. त्याच्या ओव्हरड्राइव्हबद्दल काय मत?

---

सोल्डरचा_धूर

१२० व्होल्टचा मुद्दा सोडून देण्यासारखा मुळीच नाही.

पहिलं, स्टेपडाउनची क्षमता. हॉट रॉडच्या मागच्या पट्टीवर किती वॅट लिहिलेत ते बघा, आणि ट्रान्सफॉर्मर किमान दुप्पट व्हीएचा हवा. म्हणजे पट्टीवर १८० असेल तर ४०० किंवा ५०० व्हीए. मिक्सर-शेव्हरसाठी मिळणारे छोटे डबे चालणार नाहीत. लहान ट्रान्सफॉर्मरवर जोरात वाजवलं की व्होल्टेज बसतं, ड्राइव्ह चॅनेल ढिला आणि दबका होतो, आणि दोष ॲम्पला लागतो. वाजत असताना मल्टिमीटरने आउटपुट मोजून घ्या.

दुसरं, अर्थिंग. पुष्कळ स्टेपडाउनला बाहेर दोनच छिद्रं असतात, म्हणजे ॲम्पची अर्थ तिथेच तुटते. गेन चॅनेलवर घरघर वाढते ती वाढतेच, पण तारांना हात आणि ओठ माइकला लागले की झटका बसू शकतो. तीन पिनचा, अर्थ सरळ पुढे नेणाराच घ्या. घरच्या सॉकेटलाही फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं छिद्र नुसतं शोभेला असतं.

तिसरं, वारंवारता. स्टेपडाउन व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. पट्टीवर फक्त ६० लिहिलं असेल तर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, आणि त्याच कॅपॅसिटरवर लहर साधारण २० टक्क्यांनी वाढते. तासभर वाजवून ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर नको. फ्यूजही काढून बघा. कुणी चुकून थेट २३० वर लावलं असेल तर फ्यूज उडतो, आणि मग काही जण जास्त अँपिअरचा बसवतात. पट्टीवर छापलेल्याच किमतीचा फ्यूज आत असला पाहिजे.

मी तरी अशा ॲम्पला ट्रान्सफॉर्मरसकट २३० व्होल्टच्या ॲम्पपेक्षा बराच कमी भाव देईन, कारण पुढे विकतानाही हाच प्रश्न समोरचा विचारणार.

---

कॅथोड_फॉलोअर

जेसीएम९०० चं ४१०० हे १०० वॅटचं आहे, आणि त्याच्या ओव्हरड्राइव्ह चॅनेलमध्ये क्लिपिंगचा मोठा भाग डायोड करतात. वाईट म्हणून नाही. तो कोरडा, धारदार आवाज नव्वदच्या दशकातल्या पंक आणि हार्ड रॉकला अगदी बसतो. पण गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतल्यावर तो क्रंचसारखा मोकळा होत नाही, एका टप्प्यापर्यंत फाटलेला राहतो आणि मग एकदम पातळ होतो. लूपऐवजी हाताने व्हॉल्यूमची परीक्षा घ्या, दोन मिनिटांत कळेल. ब्लूजसाठी आणि फ्लॅटसाठी घेऊ नका. घ्यायचंच असेल तर पॉवर ट्यूब कुठल्या आहेत ते बघा. या मालिकेतली बरीच हेड ईएल३४ ऐवजी ५८८१ लावून आली होती. एकीच्या जागी दुसरी नुसती खोचून चालत नाही, सर्किटमध्ये बदल आणि बायस करावा लागतो.

---

मिड्स_वाढवा

रात्रीच्या वाजवण्याबद्दल.

४० वॅटचा कुठलाही ॲम्प फ्लॅटमध्ये मास्टर १ च्या आसपासच राहणार. तिथे फाटतो तो फक्त प्रीॲम्प. पॉवर ट्यूब आणि स्पीकर झोपलेले असतात. शिवाय हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून चॅनेल पातळ वाटतो. त्यामुळे विकणाऱ्याकडे दोन पातळ्यांवर ऐका: एकदा बोलण्याच्या आवाजाइतका, एकदा ड्रमशी टक्कर देईल इतका. घरच्या पातळीवर मास्टर शून्यातून वर येताना एकदम उडी मारतो का, दोन्ही हातांनी अगदी सावकाश फिरवून बघा. तिथे हळूहळू चढणारा मास्टर असणं हे रोजच्या वापरात गेनच्या पोतापेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं.

या बाबतीत डीएसएल पुढे. दोन्ही चॅनेलला आपापला व्हॉल्यूम आहे, क्रंच कमी आवाजातही क्रंचच राहतो, आणि पेंटोड-ट्रायोडचं बटण ट्रायोडवर टाकलं की ४० चे २० वॅट होऊन वरची धार मऊ होते. आवाज निम्मा होईल अशी अपेक्षा ठेवू नका, तो फरक तीन डेसिबलचाच. उपयोग टोनसाठी.

हॉट रॉडच घेतलात तर सेंड-रिटर्नमध्ये १०० किलोओहमच्या लॉग पॉटचा एक छोटा डबा बसवा. दोन जॅक, एक पॉट, एक धातूची डबी. तो शेवटच्या मास्टरसारखा चालतो. ॲम्पवर व्हॉल्यूम ४-५ ला नेऊन आवाज डब्याने कमी करायचा, म्हणजे २ वरची ती उडी हाताखाली येते.

---

तारसप्तक

डीएसएलकडे कल झुकला. शनिवारी बघायला जातोय. फेंडर अगदीच स्वस्तात मिळाला तर, ते आर७८-आर७९ चं काम साधा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा करू शकेल का?

---

सोल्डरचा_धूर

जुने ट्यूबवाले किंवा सीआरटी टीव्ही हाताळलेला माणूस असेल तर नक्की करेल. त्याला जास्त व्होल्टची आणि कॅपॅसिटर डिस्चार्ज करायची सवय असते. सांगायचं एवढं: दोन्ही रेझिस्टर नवे, ४७० ओहम, ५ वॉटचे किंवा मोठे, बोर्डापासून सहा-आठ मिलिमीटर वर उचलून बसवायचे म्हणजे खालून हवा खेळेल. करपलेली तांब्याची पट्टी उचकटली असेल तर पायाला वायर जोडून पुढच्या टोकापर्यंत न्यायची, नुसतं सोल्डर थापायचं नाही. चेसिस उघडलाच आहे तर त्याच वेळी फिल्टर कॅपॅसिटरची टोकं फुगलीत का ते बघायचं, आणि बायसही मोजून घ्यायचा. बोर्डवर टीपी३० असा टेस्ट पॉइंट आहे, तिथे चेसिसच्या संदर्भात ६० मिलिव्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. तो दोन्ही ६एल६ पॉवर ट्यूबचा मिळून आकडा असतो.

शनिवारी जाताना मल्टिमीटर, लाकडी पेन्सिल, सेंड-रिटर्नसाठी छोटी केबल, स्पीकर केबल, आणि शक्य असेल तर एक चांगली १२एएक्स७ बरोबर ठेवा. डीएसएलमध्ये चटचट किंवा शिट्टी आली तर ॲम्प बंद करून, ट्यूब निवल्यावर, इनपुटजवळच्या पहिल्या जागी ती लावून बघा. मार्शल तिला ईसीसी८३ म्हणतं, ट्यूब तीच. आवाज गेला तर बिघाड एका ट्यूबचा होता. नाही गेला तर पुढच्या जागी लावून बघा, आणि चारही जागा बदलूनही तसाच राहिला तर तो ॲम्प दुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.